एका मात्रेच्या दोन मात्रा

मुद्रितशोधनाच्या कामात दुसऱ्याच्या चुका शोधण्याचे पैसे मिळतात, त्यामुळे आपली चूक कोणी दाखवली की ती जरा जास्तच लागते. एका कथासंग्रहाचे दुसरे मुद्रित तपासताना ‘दारावरची बेल वाजली’ या वाक्यातील ‘बेल’ मी ‘बैल’ असा वाचला, जादा मात्रा काढून टाकण्याची खूण केली आणि समासात एक खवचट शेराही लिहिला. आमच्या विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि, ‘अहो, इथे मात्रा एकच आहे,’ असे शांतपणे सांगितले. मी कागद जवळ घेतला, डावा डोळा मिटून पाहिले, तर मात्रा दोन होत्या. उजवा डोळा मिटून पाहिले, तेव्हा ती एकच होती.

तोपर्यंत दोन वर्षांत माझ्या चष्म्याचा नंबर तीनदा बदलला होता. दर वेळी सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळ्या दिशांना सारखी नसल्याचा नंबर, वाढे, त्याचा अक्ष भलतीकडेच सरके आणि नवा चष्मा पंधरा-वीस दिवसांत अपुरा वाटू लागे. डोळ्यांवर कामाचा ताण आहे, झोप कमी पडते, अशी कारणे मीच मला देत होते. त्या प्रसंगानंतरच्या तपासणीत ऑप्टोमेट्रिस्टने काचांमागून काचा बदलून पाहिल्या आणि शेवटी बारीक भोके पाडलेली एक काळी चकती माझ्या डोळ्यापुढे धरली. जी ओळ कोणत्याच काचेने लागत नव्हती, ती त्या भोकातून मला बऱ्यापैकी वाचता आली. डोळ्याच्या मागचा पडदा शाबूत आहे आणि बिघाड पुढच्या बाजूच्या आकारात आहे, एवढा निष्कर्ष त्या साध्या चकतीने काढून दिला.

कॉर्निया, म्हणजे पारपटल, ही डोळ्याची सर्वांत पुढची पारदर्शक भिंत होय. तिची मध्यभागाची जाडी साधारणपणे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त असते आणि डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला एकत्र आणण्याचे बरेचसे काम ती एकटीच करते. केरॅटोकोनस या विकारात ही भिंत एका जागी पातळ होत जाते आणि डोळ्यातल्या दाबामुळे तिथे शंकूसारखी पुढे येते. १८५४ साली जॉन नॉटिंगहॅम या इंग्रज डॉक्टरांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले होते, म्हणजे त्याची ओळख जुनी आहे. संगणकावर दिसलेल्या माझ्या उजव्या कॉर्नियाच्या नकाशात मध्यभागाच्या थोडे खाली एक लालभडक बेट होते. निरोगी कॉर्नियाची वक्रता ४३-४४ डायॉप्टरच्या (प्रकाश वळवण्याच्या शक्तीचे एकक) आसपास असते, तर त्या बेटावर ती ५७.८ होती आणि सर्वांत पातळ जागी जाडी ४४१ मायक्रॉन उरली होती. डाव्या डोळ्यात विकाराची चाहूल होती, पण त्याचे काम चष्म्यावर भागत होते.

डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘डोळे चोळता का?’ मला लहानपणापासून ॲलर्जी आहे, डोळ्यांना खाज सुटली की मी मुठी वळून ते खसाखसा चोळत असे आणि ‘अगं, चोळू नकोस,’ हे आईचे वाक्य माझ्या कानांना इतके सरावाचे झाले होते की त्यातला अर्थ केव्हाच निघून गेला होता. चोळण्याने हा विकार वाढतो, याबद्दल डॉक्टरांच्या मनात शंका नव्हती. आईने मात्र ‘मी सांगत नव्हते का,’ असे एकदाही म्हटले नाही. तिने ते म्हटले असते तर मला बरे वाटले असते, असे आजही वाटते.

विकार वाढता होता, म्हणून आधी त्याला थांबवणे भाग होते. त्यासाठीच्या क्रॉस-लिंकिंग या उपचाराची पद्धत जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झाली आणि २००३ साली तिचे रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कॉर्नियाचा वरचा नाजूक थर खरवडून काढतात, रायबोफ्लेविन म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक असलेल्या पिवळ्या द्रवाचे थेंब अर्धा तास घालत राहतात आणि मग अतिनील किरण सोडतात. त्यामुळे कॉर्नियातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होऊन ती ताठ होते. पुढचे तीन दिवस मी अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर रुमाल टाकून काढले. उघड्या पडलेल्या डोळ्याची ती वेदना मी विसरलेले नाही. त्या उपचाराने विकार जिथल्या तिथे थांबला. झालेला शंकू मात्र तसाच राहिला. घसरणारी दरड थांबली होती, पण रस्त्यावर आलेले दगड कोणी उचलले नव्हते.

मधली चार वर्षे मी लेन्सवर काढली. आधी लहान कडक लेन्स वापरली. ती वाकड्या कॉर्नियावर गुळगुळीत गोल पृष्ठभाग बसवते आणि मधली पोकळी अश्रूंनी भरून निघते, पण माझ्या शंकूवर तिचा तोल राहत नसे आणि मान पटकन वळवली की ती टपकन मेजावर पडे. मग मोठी स्क्लेरल लेन्स आली. ती बुबुळाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि तिच्या पोटात निर्जंतुक सलाइन भरलेले असते. उजव्या डोळ्याला आयुष्यात सर्वांत स्वच्छ दिसले ते या लेन्सने, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. ज्यांना ती मानवते त्यांनी शस्त्रक्रियेचा विचार घाईने करू नये, असेच माझे मत आहे. मला ती चार-पाच तासांपुढे मानवली नाही. ॲलर्जीमुळे लेन्सखालच्या पाण्यात चिकट गढूळपणा साचे, अक्षरांवर धुके येई, मग लेन्स काढा, धुवा, पुन्हा भरा, पुन्हा घाला. दहा तासांच्या कामात हा सोहळा दोनदा व्हायचा आणि शेवटच्या वर्षात डोळा कायम लालच राहू लागला.

लेन्स नसताना नेमके काय दिसे, ते सांगायला हवे, कारण ‘अंधुक दिसते’ या शब्दांत ते मावत नाही. प्रत्येक काळ्या रेषेला तिरकस खाली सरकलेली एक फिकट प्रतिमा चिकटलेली असे. शिरोरेषा जाड आणि दुहेरी दिसे, अनुस्वाराचे दोन ठिपके होत, ‘के’ आणि ‘कै’ यांत फरक उरत नसे, ‘को’चा ‘कौ’ होई. रोमन लिपी वाचणाऱ्याला एका अक्षराची दोन अक्षरे दिसत असतील. आपल्या लिपीत तर वेलांट्या-मात्रांवरच अर्थ टांगलेला असतो. औषधाच्या मात्रेपासून लेन्सपर्यंत कशाचीही मात्रा या दोन मात्रांवर कायमची चालली नाही, असा विनोद मी करीत असे आणि तो मलाच आवडत नसे.

शस्त्रक्रियेचे नाव पहिल्यांदा निघाले तेव्हा माझ्या डोळ्यापुढे संपूर्ण कॉर्निया बदलण्याचे चित्र आले. माणसातली पहिली यशस्वी कॉर्निया रोपणाची शस्त्रक्रिया नेत्रतज्ज्ञ एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे केली. तेव्हापासून या क्षेत्राने खूप मजल मारली असली, आणि आता रुग्णाचा स्वतःचा आतला थर राखून फक्त पुढचे थर बदलता येत असले, तरी त्यात टाके येतात, ते महिनोन्‌महिने राहतात आणि नंबर स्थिरावायला वर्ष उलटून जाते. डॉक्टरांनी सांगितले की माझी कॉर्निया स्वच्छ आहे, तिच्यावर व्रण नाही आणि जाडीही पुरेशी आहे, त्यामुळे ती बदलण्याची वेळ आलेली नाही. फक्त तिचा आकार सुधारण्याचा प्रयत्न करता येईल.

आकार सुधारण्याची कल्पनाही नवी नव्हती. कॉर्नियाच्या जाडीच्या आत, कडेच्या बाजूने, पारदर्शक प्लास्टिकच्या अर्धवर्तुळाकार कड्या बसवण्याचा उपचार केरॅटोकोनससाठी फ्रान्समधील जोसेफ कोलँ यांनी सुरू केला आणि त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. कडेला भर घातली की मधला भाग सपाट होतो, हे त्यामागचे तत्त्व आहे. सैल पडलेल्या कापडाच्या कडेखालून दोरी सरकवली की मधले कापड ताणले जाऊन सपाट होते, तसेच काहीसे हे आहे. अडचण अशी की प्लास्टिक हे शेवटी परके आणि कडक द्रव्य आहे. ते वरच्या वर बसवले तर त्यावरचा कॉर्नियाचा थर झिजून कडी बाहेर येण्याचा धोका असतो, म्हणून ते साधारण पाऊण खोलीवर बसवावे लागते आणि आधीच पातळ झालेल्या कॉर्नियात तेवढी जागा पुष्कळदा नसते. चेन्नईच्या नेत्रशल्यचिकित्सक डॉ. सूसन जेकब यांनी प्लास्टिकऐवजी दान केलेल्या मानवी कॉर्नियाचीच चंद्रकोर कापून बसवण्याची पद्धत विकसित केली आणि २०१८ साली तिच्यावरील लेख प्रसिद्ध झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘केअर्स’ म्हणतात. हे ऊतक मऊ असल्यामुळे साधारण निम्म्या खोलीवर बसवता येते आणि तेवढ्या वर बसल्यामुळे सपाट करण्याचा परिणामही चांगला मिळतो.

माझा पुढचा प्रश्न अर्थातच शरीर ते नाकारील का, हा होता. माझ्या डॉक्टरांनी कागदावर कॉर्नियाचे थर काढून दाखवले. दात्याच्या कॉर्नियाचा सर्वांत वरचा आणि सर्वांत आतला पेशींचा थर काढून टाकतात आणि मधला कोलॅजनचा गाभा तेवढा वापरतात. रोपणानंतरचा घातक नकार बहुधा आतल्या थरातील पेशींवर होतो. तो थरच नसल्यामुळे धोका बराच कमी होतो. ‘कमी, शून्य नाही,’ असे त्या दोनदा म्हणाल्या आणि तेव्हाच मला त्यांच्याबद्दल भरवसा वाटू लागला. गरज पडली तर ही चंद्रकोर काढता येते किंवा बदलता येते, हेही त्यांनी सांगितले. मात्र शस्त्रक्रियेनंतर चष्मा जाईल, हे त्यांनी एकदाही म्हटले नाही. चष्म्याने भागेल एवढा डोळा सुधारणे, हे उद्दिष्ट त्यांनी माझ्या कागदावर स्वतःच्या अक्षरांत लिहून दिले. पुढे मनात भलत्या अपेक्षा उगवू लागल्या की मी तो कागद काढून वाचत असे.

नकाशे खरे यावेत म्हणून तपासणीपूर्वी तीन आठवडे लेन्स बंद ठेवावी लागते, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. ते तीन आठवडे मी एका डोळ्यावर काम केले. तारीख ठरली, रजा मंजूर झाली आणि आदल्या संध्याकाळी मीच दूरध्वनी केला तेव्हा कळले की शस्त्रक्रिया पुढे गेली आहे. आलेले ऊतक कॉर्नियाला छिद्र पडलेल्या एका रुग्णाला तातडीने द्यावे लागले होते. तो निर्णय योग्यच होता आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला आपणहून कळवण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही, ही तक्रार होती आणि अजूनही आहे. त्यानंतर आणखी अठरा दिवस मी लेन्सविना राहिले, कारण मध्येच ती घातली असती तर पुन्हा तीन आठवडे मोजावे लागले असते.

त्या रिकाम्या दिवसांत मी ऊतकाच्या प्रवासाविषयी विचारत राहिले. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, तसेच सिफिलिस यांसाठी चाचणी झाल्याशिवाय नेत्रपेढी ऊतक पुढे देत नाही, आणि कॉर्निया थंड द्रवात ठेवला तरी त्याचा टिकाऊपणा त्या द्रवाच्या प्रकारानुसार चार दिवसांपासून सुमारे दोन आठवड्यांपर्यंतच असतो. आतल्या थरातील पेशींची संख्या कमी भरल्यामुळे दृष्टीसाठीच्या संपूर्ण रोपणाला न चालणारा कॉर्निया ‘केअर्स’ला चालू शकतो, हे मला विशेष वाटले. मुद्रितशोधकाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या आवृत्तीत न बसलेला मजकूर परिशिष्टात कामी येतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी संमतिपत्र माझ्या हाती आले. त्यात ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द चार ठिकाणी ‘शस्रक्रिया’ असा छापला होता. डाव्या डोळ्याने वाचत असतानाही तो ‘त’ गायब असल्याचे मला पहिल्या ओळीतच दिसले आणि सही करण्यापूर्वी मी चारही जागा दुरुस्त केल्या. परिचारिकेने विचारले, ‘काही बदल केलात का?’ मी म्हटले, ‘फक्त शुद्धलेखन.’ ती हसली नाही. कायदेशीर कागदावर खाडाखोड झाली म्हणून तिने नवा कागद आणला आणि त्यावर मी मुकाट्याने ‘शस्रक्रिये’ला संमती दिली.

आडवे होण्याआधी मला सरळ बसवून डॉक्टरांनी कॉर्नियाच्या कडेला शाईचे दोन ठिपके दिले. आडवे झाल्यावर डोळा खोबणीत काही अंश फिरतो, आणि ज्या अक्षावर चंद्रकोर बसवायची तो अक्ष तेवढ्यानेही चुकू शकतो, हे त्यांनी ठिपके देता देता सांगितले. त्यानंतर बधिरतेचे थेंब घातले. संपूर्ण भूल नसते, इंजेक्शनही नव्हते, माणूस पूर्ण जागा असतो. पापण्या उघड्या ठेवणारा तारेचा चिमटा बसवला, तेव्हा पापणी मिटण्याची इच्छा किती प्रबळ असते ते कळले. मिटता येत नाही हे लक्षात आल्यावर थोड्याच वेळात ती इच्छा आपोआप शमली.

पहिला टप्पा फेम्टोसेकंद लेसरचा, म्हणजे अतिसूक्ष्म काळाच्या प्रकाशस्पंदांनी ऊतक कापणाऱ्या लेसरचा होता. डोळ्याला एक कडे चिकटवून ते शोषून धरले. दाब वाढत गेला आणि समोरचा प्रकाश कडेकडून करडा होत मध्यभागी जवळजवळ विझला. दुखत नव्हते, पण उघड्या डोळ्यापुढे असा अंधार येणे फार विचित्र वाटते आणि हे आधी कोणी सांगून ठेवले असते तर माझे हात मेजाच्या कडांना इतके घट्ट आवळले गेले नसते. ‘हलू नका, आता सुरू होते आहे,’ असा आवाज आला, यंत्राची बारीक घरघर झाली आणि एखादे मोठे वाक्य वाचायला लागतो तेवढ्या वेळात काम संपले. तेवढ्यात लेसरने कॉर्नियाच्या निम्म्या खोलीवर गोलाकार बोगदा आणि त्यात शिरण्यासाठी एक छोटी चीर तयार केली होती. पाते कुठेही वापरले गेले नाही.

दुसऱ्या मेजावर सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक बसवले. दात्याच्या कॉर्नियातून दोन समकेंद्री पाती असलेल्या गोल साधनाने बांगडी कापून, तिचे तुकडे करून, माझ्या शंकूच्या मापाची चंद्रकोर आधीच तयार केलेली होती. ती काही वेळ सुकू दिली होती, कारण ओले ऊतक फुगते आणि अरुंद बोगद्यात शिरत नाही. सुकल्यावर ते बारीक आणि ताठ होते, आणि आत गेल्यावर पाणी शोषून पुन्हा आपल्या जागेवर फुलते. हे सगळे मी नंतर चित्रफितीत पाहिले. त्या चित्रफितीत ती चंद्रकोर कापलेल्या नखाच्या कडेसारखी दिसते, तेवढीच बारीक, तशीच अर्धपारदर्शक. प्रत्यक्षात मला दिसला तो झगमगता पांढरा प्रकाश आणि त्यातून सरकणाऱ्या काळ्या छाया. चंद्रकोर आत ढकलली जाताना डोळ्याला दुखले नाही, कुठेतरी काहीतरी ओढले जात असल्याची जाणीव मात्र झाली. एका जागी ती अडकली. डॉक्टरांनी ती पूर्ण बाहेर काढली, टोक पुन्हा नीट केले आणि दुसऱ्या खेपेला ती सरळ आत गेली. त्या वेळी खोलीत कोणीच बोलत नव्हते आणि ती शांतता मला लेसरच्या अंधारापेक्षा जड गेली. चिरेला टाका लागला नाही. वर एक मऊ संरक्षक लेन्स ठेवून डोळ्यावर भोकांची प्लास्टिकची ढाल चिकटवली. दोन्ही टप्पे मिळून अर्धा-पाऊण तास लागला असावा.

घरी आल्यावर डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटत होते आणि पाणी सतत वाहत होते, पण क्रॉस-लिंकिंगच्या तुलनेत हे काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी ती मऊ लेन्स काढली. पुढे प्रतिजैविकाचे थेंब, हळूहळू कमी करत नेलेले स्टेरॉइडचे थेंब आणि कृत्रिम अश्रू, असे वेळापत्रक आईने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावले. स्टेरॉइडमुळे डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून प्रत्येक भेटीत तो मोजला गेला. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नव्हते, रात्री ढाल लावायची होती आणि चोळणे तर आता कायमचेच बंद होते. झोपेत हात डोळ्याकडे जाईल या धास्तीने मी पहिले काही दिवस हाताला मोजा बांधून झोपले. हा उपाय डॉक्टरांनी सांगितलेला नव्हता, माझाच होता.

दृष्टी सुधारते ती सरळ रेषेत सुधारत नाही, हे मला कोणीतरी ठासून सांगायला हवे होते. तिसऱ्या दिवशी ढाल काढल्यावर भिंतीवरचे ते वेळापत्रक मला चष्म्याविना वाचता आले आणि मी आईला हाक मारून ते मोठ्याने वाचून दाखवले. दहाव्या दिवशी तेच अक्षर पुसट झाले. सकाळी धुके, दुपारी बरे, संध्याकाळी पुन्हा धुके, असे कित्येक आठवडे चालले. ऊतक पाणी धरते, सोडते, भोवतालची कॉर्निया त्याच्याशी जुळवून घेते आणि त्या काळात नंबर डोलत राहतो. या काळात केलेला चष्मा वाया जातो, म्हणून तीन महिने होईपर्यंत डॉक्टरांनी नवा नंबर लिहून देण्यास नकार दिला. माझा संयम सुटला तो सहाव्या आठवड्यात. जुन्या चष्म्याने त्या डोळ्याला काही दिसत नव्हते, नवा मिळत नव्हता, रात्री दिव्यांभोवती वलये पडत होती आणि आपण स्वस्थ बसवेना म्हणून बरा चाललेला डोळा बिघडवून घेतला, असे मला वाटू लागले होते. त्या आठवड्यात मी डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद रोज वाचला.

तीन महिन्यांनी नवे नकाशे काढले. लाल बेट नाहीसे झाले नव्हते, पण आक्रसून फिके झाले होते आणि मध्याकडे सरकले होते. सर्वाधिक वक्रता ५७.८ वरून ५१.९ डायॉप्टरवर आली होती आणि सिलिंड्रिकल नंबर साडेसहावरून पावणेतीनवर उतरला होता. पूर्वी हा डोळा चष्मा लावूनही ६/२४ पर्यंतच जाई, म्हणजे निरोगी डोळा २४ मीटरवरून जे वाचतो ते मला सहा मीटरवर जावे तेव्हा लागे. आता चष्म्याने तो ६/९ पर्यंत पोचला, त्या ओळीतली दोन अक्षरे चुकली तरी. स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली काढलेल्या छायाचित्रात बुबुळाच्या खालच्या अंगाला एक धूसर कमान दिसते. मी ते छायाचित्र बराच वेळ पाहत राहिले. ती कमान कोणाची होती हे मला कळणार नाही, नेत्रपेढी दात्याची ओळख गुप्तच ठेवते. मला त्या व्यक्तीचे वयही माहीत नाही. कधीकधी एवढेच मनात येते की या ऊतकाने माझ्याआधी कोणती लिपी वाचली असेल, आणि लगेच लक्षात येते की कॉर्निया काही वाचत नाही, ती प्रकाश तेवढा आत सोडते.

उरलेला दोष कमी करण्यासाठी पुढे आणखी काही करता येईल, चंद्रकोरीची जागा किंवा जाडी बदलता येईल, असे डॉक्टरांनी सहा महिन्यांनंतरच्या भेटीत सुचवले. मी तूर्त नको म्हटले आहे. डावा डोळा दर सहा महिन्यांनी नकाशावर तपासला जातो आणि अजून तरी तो जागचा हललेला नाही. स्क्लेरल लेन्स डबीत आहे. एखाद्या बारीक टाइपातल्या कोशाचे काम आले तर दोन तासांसाठी मी ती घालते, आणि ऊतक बसवल्यावर नव्या मापाची घडवून घेतलेली ही लेन्स पहिल्यापेक्षा सुखाने बसते.

मात्रा आता एकेकच दिसतात. फिकट प्रतिमा पूर्णपणे गेलेली नाही, तिची दिशा मात्र बदलली आहे. पूर्वी ती तिरकस पडे, आता ती सरळ वर उमटते आणि दिवसाउजेडी तर जाणवतही नाही. दिवसभराच्या वाचनानंतर डोळा कोरडा पडला की वाक्याच्या शेवटच्या टिंबावर दुसरे एक पुसट टिंब चढते आणि पूर्णविरामाचा अपूर्णविराम होतो. मी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घालते, दोन मिनिटे डोळे मिटून बसते आणि तो पुन्हा पूर्णविराम झाल्याची खात्री केल्यावरच पान उलटते.